दोन काळ्या रेघांची वायर

मोटरसायकलला रेडिओ असतो हे मला कळलं तेव्हा मी ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. बोट थोडक्यात वाचलं. अंगणात उभी असलेली ती काळी धूड गाडी, जवळ चिटपाखरू नसताना, एकदम पुरुषी आवाजात बोलायला लागली.

"उद्या हवा कोरडी राहील," गाडी म्हणाली.

"कोण हाय तिकडे?" मी अडकित्ता उगारून विचारलं.

"किनाऱ्यावर वारा जोराचा राहील," गाडी म्हणाली.

मागून नात हसत आली. हातात लांबून गाडी चालू करायची किल्ली. ती बोईसरला एका केमिकलच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. तिथल्या बदली होऊन गेलेल्या एका इंजिनियरची ही जुनी गाडी तिनं घेतली, तोच एक धक्का मी नुकता कुठे पचवत होते. पुढे आडवी काच, मागे दोन्ही बाजूंना पेट्या, एकेका पेटीत आमच्या वाडीतले अर्धे चिकू मावतील. आणि काचेखाली घुबडाच्या डोळ्यांसारखी दोन गोल भोकं. ते दिवे असतील असं मी समजत होते. ते स्पीकर निघाले.

"आजी, ही लांबच्या प्रवासाची गाडी हाय. रेडिओ बसवूनच येतो," नात म्हणाली. "आणि बाहेरचं पण जोडता येतं. फोन बिनवायरीचा, पेनड्राइव्ह इकडे. आणि हे बारीक भोक दिसलं? ह्याच्यात वायर घातली की कुठलंही यंत्र वाजवता येतं."

"कुठलंही?" मी विचारलं.

एवढं विचारलं नसतं तर मी आजही सुखात असते.

नातीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. आमच्याकडे हळद लावायची तर आधी धवला म्हणावा लागतो. धवला म्हणजे लग्नाचं गाणं, आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. हळदीच्या दिवशी तिचा शब्द चालतो. ती म्हणेल तेव्हा वाटी उचलायची, ती थांबली की हात आखडायचा. आता हे सगळं मागे पडलं, डीजे आला. माझ्या मुलानंही डीजेच ठरवला होता. नातीनं बापाला जेवणाच्या ताटावर सांगितलं, "डीजे संध्याकाळी लाव, काय पण लाव. पण धवला झाल्याशिवाय मला कोणी हळदीचं बोट लावायचं नाय. नायतर मी कोरडीच उभी राहीन बोहल्यावर."

ती तसं करणारी आहे. मुलानं माझ्याकडे बघितलं. मी वरणाकडे बघितलं.

कारण गावात धवलारीण उरली नव्हती. एक वारली, एकीला स्वतःच्या मुलांची नावं आठवत नाहीत, आणि तिसरी मी. गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून माझा आवाज कुजबुजीच्या वर चढत नाही. मांजराला हाकलायचं तर काठी आपटावी लागते. चौथी एक होती, माझी धाकटी जाऊ. दीर गेल्यावर ती लेकीकडे दातिवऱ्याला राहायला गेली. पण तिला बोलवायचं नाव घरात काढायची सोय नव्हती. ती सोय मीच बंद करून ठेवली होती.

"माझी कॅसेट हाय ना!" मी म्हटलं. "जोड तुझ्या गाडीला."

ह्या कॅसेटबद्दल सांगायचं तर त्या वेळच्या माझ्याबद्दल सांगावं लागेल, आणि ती बाई म्हणजे एक नमुना होती. चाळिशीच्या आतबाहेर, नाकात नथ, अंगात गावभरचा ताठा. कुठल्याही मांडवात शिरली की आधी सतरंजी सरळ करायला लावायची, मग पाणी मागायची, मग घसा खाकरायची, आणि तिथपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं. धाकटी जाऊ शेजारी. मी ओळ काढायची, तिनं उचलायची, असा रिवाज.

नणंदेच्या मुलीच्या लग्नात लाउडस्पीकरवाल्यानं दोन माइकांचा टेप आणला होता. एक माइक माझ्यापुढे, एक धाकटीपुढे. पूर्ण हळद त्यानं भरून घेतली आणि एक कॅसेट मला दिली. ती मी घरच्या टेपवर लावली. आमचा टेप जुनाच घेतलेला, दोन स्पीकरांपैकी उजवा पहिल्या दिवसापासून मुका. डाव्यातून काय तो आवाज आला म्हणून सांगू! भरलेला, संथ, जागच्या जागी उतरणारा. मी भिंतीला टेकून बसले. इतकं चांगलं गाते मी? माझा मलाच अभिमान वाटला, आणि तो पुढे तीस वर्षं वाटत राहिला. त्या आवाजाच्या मागे लांबून, विहिरीत कोणी बोलावं तसा दुसरा एक बारीक आवाज होता. घाईघाईत पुढे पळणारा.

"ऐका," मी पंधरा बायकांसमोर म्हटलं, "धाकटी कशी माझ्या पुढे पळते ती. जसं काय पाठीमागे कुत्रा लागलाय."

बायका हसल्या. धाकटी टेपजवळ वाकली, कान लावून बसली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बाय, हा मोठा आवाज माजा हाय."

"तुझा?" मी इतकी हसले की नथ हलली. "तुझा तो मागचा, कुंईकुंई करतोय तो! आरशात बघायची तुला हिंमत नाय होत, निदान टेपमध्ये तरी ओळख स्वतःला."

पुन्हा सगळ्या हसल्या. ती उठली, पदर सावरला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. त्यानंतर ती कुठल्याच मांडवात गायला बसली नाही. मी म्हटलं, बरंच झालं, माझं गाणं बिघडायचं थांबलं. हेही मी मोठ्यानंच म्हटलं. त्या वेळच्या माझ्याकडे मनातल्या मनात बोलायची जागाच नव्हती.

तर कॅसेट माळ्यावरून काढली, टेपही काढला. नातीनं पेन्सिल घालून फीत घट्ट केली. टेपची वायर उंदरांनी खाल्लेली, म्हणून तिनं तो गाडीच्या चार्जिंगच्या भोकाला एक डबी लावून जोडला. टेपच्या हेडफोनच्या भोकात वायरीचं एक टोक, दुसरं टोक गाडीत. रेडिओच्या पडद्यावर बोट फिरवून बाहेरच्या यंत्राचं चित्र निवडलं. आणि गाडी चालू केली.

गाडी किंचाळली. नुसतं कुंईंऽऽ. नातीनं मुठीतला पीळ वाढवला की किंकाळीही वर चढायची. समोरच्या वाडीतल्या कोंबड्या कुंपणापार गेल्या.

"मी एवढं वाईट नाय गात!" मी घाबरून म्हटलं.

"आजी, हे तू नाय. टेप आणि रेडिओ दोघं गाडीच्याच विजेवर चाललेत ना, म्हणून इंजिनाचा आवाज वायरीत घुसतो. टेपला त्याचे स्वतःचे सेल पायजेत."

सेल घातले. किंकाळी गेली. आणि डाव्या घुबडाच्या डोळ्यातून तो आवाज आला, भरलेला आणि संथ. आमच्या जुन्या टेपमधून तो इतका सुंदर कधीच आला नव्हता. शेजारच्या बायका कुंपणाशी जमल्या. एक म्हणाली, "काकी, तुमचा गळा म्हणजे काय!" मी मान खाली घातली, लाजल्याचं दाखवलं. मुलानं डीजेवाल्याला फोन लावून सांगितलं, "संध्याकाळीच ये. हळदीला आमची मोटरसायकल वाजणार हाय."

तिथं सगळं मिटलं होतं. पण नात गाडीच्या उजव्या स्पीकरला कान लावून बसली.

"आजी, एकच बाजू वाजते."

"वाजू दे. एवढी वर्षं एकच वाजते."

तिनं वायर उपसून पिन उन्हात धरली. "बघ, ह्या पिनेवर एकच काळी रेघ हाय. ही एका आवाजाची वायर. दोन रेघा असल्या तर दोन्ही बाजूंचे आवाज वेगवेगळे जातात. मांडवात निम्मं गाणं वाजवायचं काय?"

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर तिनं मला बोईसर स्टेशनजवळच्या दुकानात नेलं. त्या गाडीवर मागे बसून मी जाते तेव्हा रस्त्याकडेचे लोक चहा प्यायचे थांबतात, त्याचं मला सुख वाटतं. दुकानदारानं आमची वायर बघून टेबलावर फेकली. "माताजी, ये तो मोनो है. इससे आधा ही सुनाई देगा. ये लो, स्टिरिओ."

"हमको आधाही चांगला लगता है," मी म्हटलं. नातीनं दोन रेघांची वायर घेतली.

संध्याकाळी अंगणात पुन्हा सगळं जोडलं. कुंपणाशी कालच्याच बायका, आज त्यांच्याबरोबर आणखी दोघी. मुलगा खुर्ची घेऊन बसलेला. मी पुढे, पदर नीट करून, दोन्ही स्पीकरांच्या मधोमध. नातीनं बटण दाबलं.

डावीकडून तो संथ आवाज सुरू झाला. आणि उजवीकडून, माझ्या कानाला लागून, एक बाई ओरडायला लागली.

गात होती म्हणायचं, पण ओरडत होती. प्रत्येक ओळ वेळेआधी सुरू करत होती, टोकाला फाटत होती, श्वास पुरला नाही की शब्द गिळत होती. डावीकडची बाई तिला सांभाळून घेत होती. ओळीचं टोक फाटलं की हळूच खालून हात दिल्यासारखं ते शिवत होती.

"ही धाकटी," मी म्हटलं. "सांगत होते ना?"

ओळ संपली. मध्ये जरा शांतता. आणि उजव्या स्पीकरातून ती बाई, अगदी माइकाला तोंड लावून, म्हणाली, "ए, सतरंजी सरळ करा ती! आणि मला पाणी द्या कोणी तरी! मेल्यांनो, गळा सुकलाय माझा!" मग घसा खाकरला.

मुलगा खुर्चीतून अर्धा उठला.

मी गाडीच्या पेटीला धरून उभी राहिले. ते खाकरणं मी रोज सकाळी ऐकते. ते वाक्य ह्या जगात दुसऱ्या कुठल्याही बाईचं असूच शकत नव्हतं. डावीकडची बाई मधल्या वेळात एक शब्द बोलत नव्हती. आणि मी तीस वर्षं सगळ्यांना सांगत आले होते, की बघा, मी दोन ओळींमध्ये तोंड उघडत नाही, गाण्याचं पावित्र्य सांभाळते!

"आजी," नात हळू म्हणाली, "उजवी बाजू तू हायस."

"बंद कर," मी म्हटलं. माझ्या कुजबुजीतून तेही कोणाला ऐकू गेलं नाही. कॅसेट वाजतच राहिली. उजवीकडची बाई परत पुढे पळाली, जसं काय पाठीमागे कुत्रा लागलाय.

कुंपणाशी कोणीतरी फिसकन हसलं. मी त्या बाजूला बघितलं नाही. मला हसण्याचं काही वाटत नव्हतं. मला दिसत होती ती टेपजवळ वाकलेली, कान लावून बसलेली धाकटी. तिनं स्वतःचा आवाज ओळखला होता आणि खरं तेच सांगितलं होतं. आणि मी पंधरा बायकांत तिचा गळा तिच्याकडून काढून घेतला, वर त्याचं कौतुक स्वतः करवून घेतलं. आयुष्यात मी पुष्कळ लोकांना हादरवलं आहे, पण स्वतःच्या आवाजानं हादरायची ही पहिलीच वेळ.

सकाळी नात म्हणाली, "मग काय करायचं? नुसती डावी बाजू वाजवता येते. रेडिओत तशी सोय हाय. कोणाला कळणार पण नाय."

मला मोह झाला, खोटं कशाला सांगू. एक बटण फिरवलं असतं आणि मी पुन्हा मोठी धवलारीण झाले असते. पण लगेच डोळ्यांपुढे आलं, नातीला हळद लागतेय, धाकटीचा आवाज मांडवात घुमतोय, आणि धाकटी दातिवऱ्याला तांदूळ निवडत बसलीय.

"गाडी काढ," मी म्हटलं.

बोईसर, पालघर, माहीम, केळवे, आणि पुढे किनाऱ्याकिनाऱ्यानं. टेप पेटीत, वायर माझ्या बटव्यात. वाटभर मी वाक्यं जुळवत होते, आणि एकही वाक्य दुसऱ्या गावापर्यंत टिकत नव्हतं.

धाकटी अंगणात सुके बोंबील उलटत होती. केस सगळे पांढरे झालेले. गाडी बघून उठली, मागे मला बघून परत बसली.

"बाय? तू? ह्याच्यावर?"

"हो."

"पडली नायस?"

"अजून नाय," मी म्हटलं. "आता पडेन."

तिला माझा कुजबुजता आवाज ऐकू येईना. तिनं लेकीला हाक मारली, "अगं, बाय काय म्हणते बघ गं, तोंड नुसतं हलतंय!" तेव्हा नातीनंच टेप काढला, गाडीला जोडला, दोन रेघांची पिन घातली. मी धाकटीच्या शेजारी जमिनीवर बसले. बोंबलांचा वास, समोर ती गाडी, आणि दोन्ही डोळ्यांतून आम्ही दोघी.

उजवीकडची बाई सतरंजी सरळ करा म्हणाली तेव्हा धाकटीच्या तोंडावर काही हललं. मी तिच्या कानाशी तोंड नेलं. "धाकटे, मोठा आवाज तुझा होता. मला काल कळलं."

"काल?" तिनं माझ्याकडे बघितलं. हसली नाही. "मला त्याच दिवशी कळलेला."

"तू सांगितलेलंस. मी हसले."

"नुसती हसली नाय. आरशाचं बोललीस." तिनं एक बोंबील उचलला, बघितला, परत ठेवला. "आरशाचं मला मेलं अजून आठवतं. दिसायला मी बरी नव्हतेच. पण गळा हाय एवढा एक समज होता. रात्री नवऱ्याला विचारला, खरंच माजा आवाज कुंईकुंई हाय? तो म्हणाला, असेल."

मी तिच्यापुढचा एक बोंबील उलटला. नातीनं पुढे होऊन तिच्या पायांना हात लावला. "धाकटी आजी, रविवारी माझी हळद हाय. धवला तू म्हण. तू नाय आलीस तर मला हळद नाय लागणार."

"मला येत नाय आता."

"अगं, हे काय वाजतंय मग!"

"आवाज हाय गं, शब्द गेले," धाकटी म्हणाली. "तीस वर्षांत तोंडात नाय आले. मी तर नुसती उचलायची. पुढची ओळ बायच काढायची. घाई करायची, पण शब्द एक चुकायची नाय, ते खरं." आणि ह्यावर तिनं जरा ओठ मुडपले. "आता तिचा आवाज गेला, माजे शब्द गेले. बसू दोघी तशाच."

नातीचा चेहरा उतरला. गाडीतली कॅसेट तोवर संपून खटकन थांबली होती. मी धाकटीचं मनगट धरलं आणि तिच्या कानात हळदीच्या धवल्याची पहिली ओळ सांगितली. गाऊन नाही, नुसती सांगितली, बाजारची यादी सांगावी तशी.

तिनं बोंबलाचे हात पदराला पुसले. मग डोळे मिटून तिनं ती ओळ गायली. आवाज जरा खाली आला होता, कडेला जुन्या लाकडासारखा झाला होता, पण उतरत होता जागच्या जागीच. आतून तिची लेक हात पुसत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. तिनं आपल्या आईला गाताना कधी ऐकलंच नव्हतं.

मी दुसरी ओळ सांगितली. सांगताना घाई झाली, आधीची संपायच्या आत. धाकटीनं डोळे न उघडता माझ्या मांडीवर चापट मारली. मी थांबले. तिची ओळ पूर्ण झाल्यावर पुन्हा सांगितली.

रविवारी मांडवात सतरंजी वाकडीच होती. मी काही बोलले नाही. मोटरसायकल बाहेर झाडाखाली गप्प उभी होती, डीजेवाला तिच्याभोवती फिरून ती बघत होता. धाकटी नव्या लुगड्यात मधोमध बसली, मी तिच्या खांद्यामागे, तोंड तिच्या कानाशी. एकेक ओळ तिच्या कानात सोडायची, ती संपेपर्यंत थांबायचं, मग पुढची. इतकं थांबायला मी जन्मात शिकले नव्हते. माझा मुलगा वाटी धरून उभा, नात पाटावर डोळे मिटून.

तीन ओळी झाल्यावर धाकटी मध्येच थांबली, मागे वळली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "बाय, एवढं हळू बोलता येतं तुला? तवाच बोलली असतीस तर!"

मांडव हसला. ह्या वेळी माझ्यावर. मी तिच्या कानात चौथी ओळ सांगितली, ती तिनं गायली, आणि त्या ओळीवर नातीच्या कपाळाला पहिलं बोट लागलं.